न मागायचं नाणं

आत्ये, नाणं अजून आलेलं नाही.

तुझं दिवसकार्य झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, बेबीकाकीने तुझ्या मासळीच्या पाट्या घासून उन्हात पालथ्या घातल्या. तुझी लुगडी, तांब्याचा हंडा, देव्हाऱ्यातले देव, सगळं जागच्या जागी सापडलं. गळ्यातला काळा दोरा तेवढा रिकामा होता. नेहमीप्रमाणे कुणाला तरी नाणं दिलंस, कुणाला ते सांगितलं नाहीस, आणि दुपारी जेवून जरा पाठ टेकते म्हणालीस ती उठलीच नाहीस. शहाणी गं माझी बाई. जाताना सुद्धा घोळ घालूनच गेलीस.

इकडे मनूला नववा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण म्हणून माझ्याकडे पालघरला आलीय. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारी पोरगी, डॉक्टरांच्या सगळ्या तपासण्या वेळेवर केलेली, पण मी ड्युटीवरून घरात पाऊल टाकलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. आई, आत्याआजीचं नाणं आलं का? तिला ते कळांच्या वेळी मनगटाला बांधायचंय. माझ्या वेळी माझ्या मनगटाला होतं, माझ्या आईच्या वेळी तिच्या. आपल्या घरातलं एकही मूल त्या नाण्यावाचून जन्मलेलं नाही हे तूच तिला लहानपणी सांगून ठेवलंस, आता निस्तर.

तुला हसू येत असेल. जन्मभर ज्या शालूने या नाण्यावरून तुझ्याशी हुज्जत घातली, तीच आता पर्स खाली ठेवायच्या आधी उंबऱ्याकडे बघते, कुणी येऊन बसलंय का म्हणून. मी, प्रसूती वॉर्डातली नर्स. सांगायची सोय नाही कुणाला.

सकाळची पाळी करून आले की दुपारी डोळा लागतो, आणि त्या अर्धवट झोपेत तू हमखास येतेस. सातपाटीच्या घराच्या पायरीवर पाय पसरून बसलेली असतेस, शेजारी राखेची वाटी, हातात चिंचेचा गोळा. नाणं घासत असतेस. मी विचारते, कुणाला दिलंस गं या वेळी? तू मान वर करतेस, ओठ हलतात, आणि मला फक्त लाटा ऐकू येतात. तू मात्र सगळं नीट सांगून झाल्यासारखी पुन्हा घासायला लागतेस. जागी होते तेव्हा हाताला चिंचेचा वास आहे असं वाटत राहतं. मग चहा टाकते.

ते नाणं माझ्या डोळ्यांपुढे असं आहे की कागद दिला तर काढून दाखवीन. जुन्या रुपयापेक्षा मोठं, पण पातळ, एका कडेला जरासं वाकलेलं. वर कुणीतरी कधीकाळी चांदीची कडी डाख देऊन बसवलेली. एका बाजूला वळणावळणाची अक्षरं. दुसऱ्या बाजूला ती आकृती. खाली पसरट पोट, त्यातून वर गेलेल्या तीन उभ्या रेघा, रेघांच्या टोकांना फडफडणारी शेपटं आणि डावीकडे दोन मोठे फुगीर वळसे. तू मला मांडीवर घेऊन दाखवायचीस. ही होडी, या तीन डोलकाठ्या, ह्यो वारा भरलेला शीड. मी त्या होडीत बसून कितीदा तरी झोपी गेलेय. आपले पणजोबा गलबतावर बसऱ्याला जायचे, तिकडून त्यांनी खजुराबरोबर हे नाणं आणलं, असं मी शाळेत सगळ्यांना सांगायचे. तू त्यावर कधी हो म्हणाली नाहीस की नाही म्हणाली नाहीस. ते माझ्या लक्षात आता येतंय.

आणि सामंतकाकांकडचा तो दिवस. बोईसरच्या वसाहतीत राहणारे ते निवृत्त इंजिनिअर, ह्यांच्या ओळखीचे, नाणी जमवणारे. मीच तुला बाजार उठल्यावर त्यांच्याकडे ओढत नेलं होतं. त्यांनी भिंग लावलं आणि नाणं दोन-तीनदा उलटसुलट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, हे तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानाचं आहे, अस्सल चांदीचं, आणि इस्तंबूलचं नाही, बगदादच्या टांकसाळीत पाडलेलं. इस्तंबूलची अधूनमधून बघायला मिळतात, पण हे असलं त्यांनी उभ्या आयुष्यात पुस्तकातच पाहिलं होतं. तेवढ्यात त्यांना ती कडी दिसली, घासून घासून पुसट झालेली अक्षरं दिसली, आणि अगदी रडवेल्या आवाजात त्यांनी विचारलं की हे घासलं कुणी. तू अभिमानाने सांगितलंस, मी. परत आलं की दर वेळी, चिंच नि राख लावून, काथ्याने. बिचारे डोक्याला हात लावून बसले.

तुझी होडी त्यांनी एका वाक्यात बुडवली. म्हणाले ही होडी नाही आजी, ही सुलतानाची सही आहे, त्याच्या नावाची अक्षरं अशी गुंफून लिहायचे. तू पुन्हा एकदा नाणं डोळ्यांजवळ नेऊन बघितलंस. आसंल सही, म्हणालीस, पन सही करनारा होडीत बसला आसंल. सामंतकाका इतके हसले की त्यांचं भिंग खाली पडलं. मी मात्र घरी येईपर्यंत तुझ्याशी धुसफुसत होते. इतकी दुर्मिळ वस्तू, लॉकरमध्ये ठेवू या, निदान लोकांना देणं तरी बंद कर. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस की डब्यात घालून ठिवायला ते काय लोनचं हाय?

देणं म्हणजे तरी कसं. मांगेली, वाडवळ, भंडारी, कारखान्यात कामाला आलेली घाटावरची, भय्याची बायको, तुला काही फरक नव्हता. पाटीसमोर भाव करायला बसलेल्या बाईचं पोट दिसलं, चेहऱ्यावर भीती दिसली, की तू गळ्यातला दोरा सोडायचीस आणि नाणं तिच्या तळहातावर ठेवून मूठ मिटायचीस. कळा सुरू झाल्या की मनगटाला बांध, पाण्यात बुडवून ते पाणी घोट घोट पी. परत आणशील तेव्हा रिकाम्या हाताने येऊ नको, घरात जे असेल त्यातलं मूठभर घेऊन ये. नाव नाही, पत्ता नाही, काही नाही. आणि एक नियम तुझ्यासाठी, आपल्या घरासाठी. दिलेलं नाणं मागायचं नाही. कितीही दिवस लागोत, विषयसुद्धा काढायचा नाही. का, म्हणून मी विचारलं की तू उठून पाणी भरायला जायचीस.

पाण्यावरून तर मी तुला काय काय बोललेय. चिंच लावलेलं, दहा हातांतून फिरलेलं नाणं बुडवलेलं पाणी बाळंतिणीला? तू ऐकून घेतलंस. मग एकदा तारापूरकडची एक बाई आमच्याकडे दाखल झाली. नाडी बघायला मनगट धरलं आणि माझ्या बोटांखाली तुझी होडी आली. दुपारची वेळ, वॉर्डात पंख्यांचा तेवढा आवाज, पडदे हलतायत, आणि मला वाटलं तू इथेच कुठेतरी उभी आहेस, पदर खोचून. कळ आली तशी तिने माझा हात असा आवळला की नाण्याचा गोल माझ्या तळव्यावर उमटला. सुटली बिचारी व्यवस्थित. नंतर मी तिला सहज विचारलं, हे पाणी प्यायचं असं कुणी सांगितलं? ती म्हणाली, मासळीवाल्या मावशीने, आणि उकळून गार करून घे असं बजावलंय, तिच्या घरात नर्सबाई आहे ती ओरडते म्हणाली. आत्ये, तू माझं ऐकलं होतंस. मला न सांगता, मला जिंकू न देता. त्या दिवशी मला तुझं फार कौतुक वाटलं. ते तुला सांगायचं मात्र राहून गेलं.

मनूचे दिवस भरत आले तशी मला घरी चैन पडेना. मागायचं नाही हे ठीक, पण हिंडायला काय हरकत आहे? तुझ्या दहाव्याला आलेल्या बायकांना भेटून येते असं निमित्त काढून मी सातपाटीत घरोघर गेले. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते, ऊन असं पांढरं होतं की गल्लीच्या टोकाला उभी माणसं पाण्याखाली असल्यासारखी हलताना दिसत होती. मी नाण्याचं नावही काढलं नाही, पण प्रत्येक घरात तेच निघालं. एकीने तिचा बाप्या झालेला लेक दाखवला, जाळं विणत बसला होता, हा होताना नाणं आमच्याकडं होतं म्हणाली. एका म्हातारीने तर तिच्या सासूच्या वेळची गोष्ट सांगितली. सगळ्यांच्या घरी ते येऊन गेलेलं होतं. आत्ता कुणाच्याच घरी नव्हतं.

शेवटी बेबीकाकीच्या ओटीवर बसले. तुझी सख्खी शेजारीण, तुझ्याबरोबर जन्मभर एकाच टेम्पोतून बोईसरच्या बाजाराला गेलेली. ती जवळा निवडत होती. माझा धीर सुटला आणि मी सरळच बोलले. नाणं आमच्या पणजोबांनी बसऱ्याहून आणलेलं, ते घरातच राहायला हवं, माझ्या लेकीला पाहिजे, तुला माहीत असेल तर सांग.

बेबीकाकीने सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, कुणाच्या पणजोबांनी? तुमच्यात कोन कधी बसऱ्याला गेला नाय, शालू.

मग तिने सांगितलं. नाणं जयाआईचं, पलीकडच्या आळीतल्या म्हातारीचं, तिच्या सासरची माणसं गलबतावर असायची. तुला दिवस गेले तेव्हा तू तिच्याकडून ते घेतलं होतंस, बाकीच्या बायका घ्यायच्या तसं. मुलगा झाला. बारशापर्यंत सुद्धा राहिला नाही. आणि नाणं परत करताना मूठभर काहीतरी द्यायचं तसं पोराचं नावही सांगायचं, अशी जयाआईच्या वेळी रीत होती. तू कुठलं नाव सांगणार होतीस? तू गेलीच नाहीस. जयाआई रोज तुझ्या दारावरून पाण्याला जायची, थांबायची, जेवलीस का विचारायची, बोंबलाचा भाव सांगायची. नाण्याबद्दल एक अक्षर नाही. वर्षं गेली, म्हातारी गेली, नाणं तुझ्याकडे राहिलं. मग कधीतरी तू ते गळ्यात घातलंस आणि द्यायला लागलीस. नाव सांगायची रीत तेवढी तू मोडलीस.

"ज्याचं चांगलं झालं ते मानूस आपल्या पायानं येतं," बेबीकाकी म्हणाली. "जे येत नाय, त्याला काय विचारायचं? म्हनून मागायचं नाय."

आत्ये, तुला मूल नव्हतं एवढंच आम्हाला माहीत होतं. झालं नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो. मी तर त्याच खात्यातली. मूल रडलं नाही की खोलीत कशी शांतता पसरते हे मला माहीत आहे. आईच्या नजरेला नजर न देता चादर कशी सारखी करतात हे मी नव्या मुलींना शिकवते. आणि माझ्या घरात, मला कडेवर घेऊन होडी दाखवणारी बाई ती शांतता पोटात घेऊन बसली होती, आणि मी तिला जंतूंवर व्याख्यान देत होते. तू गेलीस त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं. माणसं, सामान, फोन, यातच दिवस गेला होता. बेबीकाकीच्या ओटीवर ते सगळं बाहेर आलं. ती पुन्हा सूप ओढून जवळा निवडत राहिली.

उठताना तिने एवढंच सांगितलं, आणि तेही नाराजीने. जायच्या काही दिवस आधी तू बोईसरच्या बाजारात एका पोरीला शेजारी बसवून घेतलं होतंस. बीडकडची, नवरा कारखान्यात, कारखान्यांच्या मागे चाळीत राहते, वैशाली नाव. त्यानंतर ती बाजारात दिसलेली नाही.

जायला नको होतं हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी गेले. मनूचा चेहरा डोळ्यांपुढे होता. स्वतःला सांगत होते की नर्स म्हणून जातेय, विचारपूस करायला. रिक्षातून उतरले तेव्हा पाळी सुटलेली, माणसं डबे घेऊन झोपेत चालल्यासारखी चालली होती, हवेला तो कसलासा गोडसर औषधी वास. एका बाईने खोली दाखवली. दाराबाहेर वाळत घालायची दोरी होती. दोरीवर एक साडी, एक पॅंट, दोन टॉवेल. तान्हं असलेल्या घराची दोरी अशी नसते गं. तिथेच मागे फिरायला हवं होतं, पण तिने दार उघडलंच होतं.

विशीतली पोरगी. अंगाला चादरीची पट्टी घट्ट गुंडाळलेली, दूध आटावं म्हणून बांधतात तशी. मी अंगणवाडीतून आले असं तिला वाटलं, तिने पाणी दिलं. देवाच्या फळीखाली खिळ्याला काळ्या दोऱ्यात नाणं लटकत होतं. खिडकीतून येणाऱ्या उन्हात ते हळूहळू फिरत होतं, कधी अक्षरं, कधी होडी. माझ्याच्याने नजर काढवेना. ते तिने पाहिलं आणि विचारलं की मी मासळीवाल्या मावशीची कोण. भाची, म्हटलं. ती भिंतीला टेकली. मावशी रागावल्या असतील, म्हणाली. बाजारात यायचं म्हणून दोनदा निघाले, कोपऱ्यावरून परत आले. कशा आहेत मावशी?

मी सांगितलं, आत्या गेली.

मग काय वाटलं कोण जाणे, तिने खिळ्यावरून नाणं काढलं. मला पुढे केलं आणि मध्येच थांबली. रिकाम्या हाताने द्यायचं नाही हे तिला आठवलं. डबा उघडून तिने मूठभर ज्वारी घेतली. एका हातात तुझं नाणं, दुसऱ्या मुठीतून ज्वारीचे दाणे फरशीवर सांडतायत, अशी ती माझ्यासमोर उभी राहिली. आत्ये, मी मागितलं नव्हतं. ते आपणहून माझ्यापुढे आलं होतं. हात पुढे केला असता तर तुझा नियमसुद्धा मोडला नसता, आणि तासाभरात ते मनूच्या मनगटावर असतं.

मी तिची मूठ नाण्यावर मिटवली, तू मिटवायचीस तशी. म्हटलं, आत्या सांगून गेलीय, हे वैशालीकडेच राहू दे.

साफ खोटं. तू असं काहीही सांगून गेलेली नाहीस. तुझ्या नावावर खपवलं मी, आता वर भेटलो की काय ते भांड.

मग मी तिला ते विचारलं, जे विचारायचं असतं की नाही मला ठाऊक नाही. मुलगा होता की मुलगी? मुलगी, म्हणाली. नाव काय ठेवणार होतीस? तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं चुकलंच माझं. पण नाही. तिला ते आजवर कुणी विचारलंच नव्हतं. नवऱ्याने नाही, सासूने नाही, दवाखान्यात आमच्यासारख्या कुणी तर नाहीच.

"ईश्वरी," ती म्हणाली. आणि मग रडली, मोठ्याने, शेजारची बाई दारात येईपर्यंत. मी तिला धरून बसले. फरशीवरची ज्वारी आम्ही दोघींनी नंतर वेचली.

मनूला सगळं सांगितलं. पोटावर हात ठेवून म्हणाली, राहू दे आई तिच्याकडे. आज पहाटेपासून तिच्या कळा चालू आहेत. माझं मन थाऱ्यावर नाही म्हणून डॉक्टरांनी मला बाहेर बसवलंय, आणि इतके दिवस मनात चाललेलं हे तुझ्याशी बोलणं मी आता इथे बाकावर बसून पुरं करतेय. तिच्या उशाशी साधं पाणी ठेवलंय. उकळलेलं.

खरं तर मला तुला वेगळंच विचारायचंय, आणि कितीदा तोंडाशी येऊन मागे फिरतंय. बेबीकाकीला विचारलं, तिला माहीत नाही. जयाआईने विचारलं नाही, तिचं बरोबरच होतं. पण मी विचारायला हवं होतं. तुझ्या मांडीवर वाढले मी, माझा हक्क होता.

आत्ये, काय ठेवणार होतीस गं त्याचं नाव?